खाडी, घड्याळ आणि सहा जणी

परवा शनिवारी सकाळी (म्हणजे माझी सकाळ, साडेदहाची) उठून फोन बघितला तर ताईचा मेसेज येऊन पडलेला. एक लिंक आणि खाली एकच ओळ, "जमतील तेवढे भर."

ताई म्हणजे माझी मावसबहीण. आमच्याच जमातीतली, आयटीवाली. गेली पाच-सहा वर्षं इंग्लंडात असते. लिंक उघडली तर सहा बायकांचा फोटो. डोक्यावर रबरी टोप्या, अंगाभोवती टॉवेल, ओठ निळे पडलेले आणि तरी सगळ्याजणी हसतायत. त्यात डावीकडून दुसरी आमची ताई. खाली लिहिलं होतं की या सहा जणी ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहणार, रिले पद्धतीने, एकीमागून एक. आणि त्यानिमित्ताने जे पैसे जमतील ते तिथल्या एका हॉस्पिसला देणार. हॉस्पिस म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी संस्था.

खरं सांगतो, माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न फार उदात्त वगैरे नव्हता. पोहणार तुम्ही, मग पैसे मी का द्यायचे? आणि संस्थेलाच द्यायचेत तर सरळ देऊन टाकू की. त्यासाठी सहा जणींनी गारठून निळं व्हायची काय गरज? मावशीनेही फोनवर हेच सुनावलं होतं म्हणे, फक्त तिच्या पद्धतीने. "बाई गं, पैसेच हवेत ना? आम्ही पाठवतो. पण तू त्या पाण्यात नको उतरूस."

मी ताईला फोन लावला. म्हटलं, हा काय प्रकार आहे? ती म्हणाली, "अरे, मलाही नीट सांगता येत नाही. नुसते मागितले तर लोक देत नाहीत. पोहते म्हटलं की देतात." मग जरा थांबून म्हणाली, "पण एक घोळ झालाय." घोळ असा की खाडीच्या आधी त्यांच्या टीमला थंड पाण्यात सलग दोन तास पोहून दाखवायचं होतं. पाच जणींनी दाखवलं. ताई पन्नासाव्या मिनिटाला बाहेर आली. हात चालेनात, बोटं चिकटता चिकटेनात, पाणी तेरा अंश. आणि तोवर चाळीसेक लोकांनी पैसे भरून झाले होते. "आता ते परत करू का रे?" असं तिने मला विचारलं. मला! ज्याला सोसायटीच्या टाकीत पाच मिनिटं तरंगल्यावर धाप लागते!

उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शनिवार-रविवार दोन्ही त्यात गेले, कपडे धुवायचे राहिले, आणि जे काही सापडलं ते इथे लिहितोय. गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यातल्या बऱ्याच बायका तुमच्या-माझ्यासारख्या ऑफिसात जाणाऱ्या होत्या.

आधी ही खाडी काय चीज आहे ते बघू. डोव्हरपासून समोरच्या फ्रान्सच्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली तर अंतर साधारण ३३ किलोमीटर. पण सरळ रेघ फक्त नकाशावर. दर सहा तासांनी भरती-ओहोटीचा प्रवाह दिशा बदलतो आणि पोहणाऱ्याला आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ढकलतो. त्यामुळे प्रत्यक्ष वाट इंग्रजी 'एस' सारखी वळणावळणाची होते. उन्हाळ्यातही पाणी पंधरा ते अठरा अंश. (आपल्या ऑफिसात कोणी एसी अठरावर नेला की आपण जॅकेट घालतो. आणि पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा वीसपंचवीस पट वेगाने ओढून घेतं.) वर जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जलमार्गांपैकी हा एक, दिवसाला चारपाचशे जहाजं ये-जा करतात. कॅप्टन मॅथ्यू वेब हा इंग्रज १८७५ मध्ये ही खाडी पहिल्यांदा पोहून गेला, २१ तास ४५ मिनिटांत. त्यानंतर दुसरा माणूस पार व्हायला १९११ उजाडलं. म्हणजे मधे तब्बल ३६ वर्षं प्रयत्न होत होते आणि फसत होते. १९२५ संपेपर्यंत एकूण पाच जण पार झाले होते. पाचही पुरुष.

आता जरा न्यूयॉर्कला जाऊ, कारण बायकांची गोष्ट तिथून सुरू होते. १५ जून १९०४ ला तिथल्या ईस्ट रिव्हरमध्ये 'जनरल स्लोकम' नावाच्या बोटीला आग लागली. चर्चची सहल होती, बोटीवर बहुतेक बायका आणि मुलं. हजाराहून जास्त लोक गेले. किनारा काही फार लांब नव्हता. पण पोहता येणाऱ्या बायका जवळजवळ नव्हत्याच, आणि अंगावर ते घोळदार जड कपडे. बायकांना पोहायला शिकवलं पाहिजे, या मागणीला त्या दुर्घटनेनंतर जोर आला.

शार्लट एपस्टाईन ही तिथल्या कोर्टात स्टेनोग्राफर होती. १९१७ मध्ये तिने मैत्रिणींना घेऊन 'विमेन्स स्विमिंग असोसिएशन' काढली. दिवसभर ऑफिसात काम करणाऱ्या बायकांना संध्याकाळी पोहता यावं, एवढा साधा हेतू. आजचं आपलं ऑफिसनंतरचं जिम समजा. पण तो काळ असा की १९१९ मध्ये याच संस्थेच्या एथेल्डा ब्लायब्ट्रीला समुद्रकिनाऱ्यावर लांब पायमोजे काढून पोहायला उतरली म्हणून पकडलं होतं. पुढच्याच वर्षी, १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये, तिने तीन सुवर्णपदकं घेतली. त्यातलं एक रिलेचं.

याच संस्थेत एका खाटकाची मुलगी पोहायला शिकली. गर्ट्रूड एडर्ली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिलाही सुवर्ण मिळालं ते रिलेतच, एकटीच्या शर्यतींत दोन कांस्यं. १९२५ मध्ये संस्थेने तिला खाडी पोहायला पाठवलं. १८ ऑगस्टला ती उतरली आणि काही तासांनी तिच्या प्रशिक्षकाने तिला बाहेर काढायला लावलं. नियम सोपा: पोहणाऱ्याला कोणाचा हात लागला की संपलं. ती नंतर सांगत राहिली की मी ठीक होते, नुसती जरा विसावले होते. पण हात लागला होता.

पुढच्या वर्षी ती प्रशिक्षक बदलून परत आली. हा नवा प्रशिक्षक म्हणजे बर्जेस, १९११ मध्ये खाडी पार करणारा तोच तो दुसरा माणूस. दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख, मेण लावून पाणी आत येऊ नये असा केलेला गॉगल, अंगभर चरबीचा लेप. ६ ऑगस्ट १९२६ ला ती फ्रान्सकडून निघाली. वाटेत हवा बिघडली, बर्जेसने बोटीवरून ओरडून सांगितलं की आता बाहेर ये. तिने पाण्यातून विचारलं, "कशासाठी?" आणि पोहत राहिली. साधारण साडेचौदा तासांत इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. त्याआधीच्या पाच पुरुषांतला सर्वात वेगवान साडेसोळा तासांचा होता. म्हणजे बायकांमध्ये पहिली वगैरे तर झालंच, पण एकूणातच दोन तासांनी विक्रम मोडला.

तीनच आठवड्यांत अमेलिया गेड कॉर्सन ही दोन मुलांची आई साडेपंधरा तासांत पार झाली. आता यावर जगाने टाळ्या वाजवून गप्प बसावं की नाही? न्यूयॉर्कमध्ये एडर्लीची प्रचंड मिरवणूक निघाली, ते ठीक. पण इकडे कुजबुजही सुरू झाली की सोबतच्या बोटींचा आडोसा मिळाला असणार. थोडक्यात, विक्रम बाईच्या नावावर लागला की आधी 'कोड रिव्ह्यू' जरा जास्तच कडक होतो.

आणि आता खरी गोष्ट. ज्या बाईमुळे मला ताईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ती.

मर्सिडीज ग्लाइट्झ. १९०० मध्ये इंग्लंडात ब्रायटनला जन्म, आईवडील जर्मन, वडील बेकरीवाले. ती लंडनच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. म्हणजे सोम ते शुक्र टकटक टकटक, आणि सुट्टीच्या दिवशी थेम्स नदीत सराव. खाडी पोहायचे सात प्रयत्न फसले. सात! मी दोनदा नापास झालेलं सर्टिफिकेशन तिसऱ्यांदा द्यायला अजून तयार नाहीये. आठव्या वेळी, ७ ऑक्टोबर १९२७ ला, दाट धुक्यातून सव्वापंधरा तास पोहून ती इंग्लंडला पोचली. खाडी पार करणारी पहिली ब्रिटिश स्त्री.

चारच दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, डॉ. डोरोथी लोगन नावाच्या लंडनच्या डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं की आपण १३ तास १० मिनिटांत खाडी पार केली. एडर्लीपेक्षाही कमी! एका वर्तमानपत्राने एक हजार पौंडांचं बक्षीस दिलं. आणि काही दिवसांतच बाईंनी स्वतःच सांगून टाकलं की सगळं खोटं होतं. मधला बराच वेळ त्या चक्क बोटीत होत्या. त्यांचं म्हणणं असं की खाडी पोहण्यावर कोणाची देखरेख नसते, कोणीही काहीही दावा करू शकतो, हे मला लोकांना दाखवायचं होतं. पैसे परत केले, खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल दंडही झाला.

(सिक्युरिटीवाले लोक मुद्दाम सिस्टिम फोडून दाखवतात ना, तसं. फक्त यात भलत्याच माणसाचा डेटा उडाला.)

कारण संशयाची सुई आता ग्लाइट्झकडे वळली. धुकं होतं, सोबत छोटी बोट, तीही पोहली कशावरून? हातात काय पुरावा? जे खोटं बोलली नाही तिलाच आता सिद्ध करायची वेळ आली.

तिने काय केलं? वाद घातला नाही. म्हणाली, परत पोहते. या वेळी बघायला या. २१ ऑक्टोबर १९२७ ला, ऑक्टोबर संपत आलेला असताना, पाणी आणखी गार झालेलं असताना, ती परत उतरली. सोबतीच्या बोटींवर पत्रकार आणि साक्षीदार. आणि गळ्यात एक छोटं घड्याळ. रोलेक्स कंपनीच्या हान्स विल्सडॉर्फने आपलं नवं, पाणी आत न जाणारं 'ऑयस्टर' घड्याळ तिला दिलं होतं.

यावेळी ती पोचली नाही. दहा तासांहून जास्त वेळ पाण्यात राहिली. थंडीने शुद्ध हरपायला लागली तेव्हा तिला बोटीत घेतलं. किनारा अजून काही मैल होता.

इथे मी जरा थांबलो. कारण सिनेमात असता तर हा प्रसंग असा नसता. तिथे ती दुसऱ्यांदाही पोचली असती. पण प्रत्यक्षात ती हरली, आणि तरी तिच्यावरचा संशय मिटला. ज्यांनी तिला त्या पाण्यात दहा तास बघितलं त्यांची खात्री पटली की हिने आधी केलं ते खरंच केलं असणार. ७ ऑक्टोबरची तिची नोंद कायम झाली. घड्याळ तर चालूच होतं. महिन्याभरात, २४ नोव्हेंबरला, रोलेक्सने लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात दिली. (आज त्या कंपनीच्या घड्याळाची किंमत बघा आणि मग ठरवा की त्या पोहण्याचा फायदा जास्त कोणाला झाला!)

पण पोहणाऱ्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं काहीतरी वेगळंच झालं. त्याच १९२७ साली 'चॅनेल स्विमिंग असोसिएशन' स्थापन झाली. इथून पुढे खाडी पोहली असं म्हणायचं तर बोटीवर संस्थेचा निरीक्षक हवा. तो सुटण्याची वेळ लिहिणार, पाण्याचं तापमान लिहिणार, कधी काय खाल्लं-प्यायलं ते लिहिणार, कोणी हात लावला नाही ना ते बघणार, आणि पाय किनाऱ्याला लागले की वेळ लिहून सही करणार. म्हणजे आपल्या भाषेत, लॉग. लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही.

आता ताईच्या रिलेकडे या. रिलेचे नियम मी वाचले तेव्हा मला हसूच आलं, कारण हे सरळसरळ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातलं राउंड रॉबिन शेड्यूलिंग आहे. सहा जणी. प्रत्येकीने एक तास पोहायचं. पहिल्या दिवशीचा जो क्रम ठरला तो शेवटपर्यंत तोच. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, परत एक. तास भरला की पुढचीने पाण्यात उतरायचं, आधीच्या पोहणारीच्या मागून यायचं आणि तिला ओलांडून पुढे जायचं, म्हणजे वितभर अंतरसुद्धा न पोहता सुटत नाही. वेटसूट चालत नाही, साधा पोशाख, टोपी आणि गॉगल.

आणि सगळ्यात कडक नियम: बदली खेळाडू नाही. एकीला आपल्या पाळीत उतरता आलं नाही किंवा तास पुरा करता आला नाही, तर सगळी रिले बाद. बॅकअप सर्व्हर नाही, फेलओव्हर नाही. ऐकायला एक तास सोपा वाटतो. पण मधले पाच तास डुचमळणाऱ्या बोटीवर ओल्या अंगाने बसायचं असतं, डिझेलच्या वासात, बहुतेक जणी ओकत असतात. आणि मग रात्रीच्या अंधारात परत त्याच पाण्यात उडी. ताई म्हणते, पहिली पाळी उत्साहात जाते, दुसरी पाळी खरी.

म्हणून तर तिला तिच्या पन्नास मिनिटांचं इतकं लागलं होतं. एकटीच पोहणार असती तर बुडालं ते तिचं एकटीचं. इथे ती बाहेर आली तर सहा जणी बाहेर.

बरं, पैशांचं काय? तिथेही परत ग्लाइट्झच भेटते. खाडीच्या प्रसिद्धीनंतर तिने टायपिंग सोडलं आणि पोहणं हाच व्यवसाय केला. १९२८ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी पोहली. हे तिच्याआधी कोणीच, अगदी पुरुषानेही, केलेलं नव्हतं. मग गावोगावच्या तलावांत तिकीट लावून तासन् तास पोहण्याचे कार्यक्रम केले, वाढवत वाढवत चाळीस तासांच्याही वर नेले. रात्री तिला झोप लागू नये म्हणून बघायला आलेले लोक काठावर बसून गाणी म्हणायचे. आणि या कमाईतून तिने काय केलं? बेघर, बेकार लोकांसाठी एक ट्रस्ट केला. १९३३ मध्ये लेस्टर शहरात 'मर्सिडीज ग्लाइट्झ होम्स' नावाने घरं उघडली. तो जागतिक मंदीचा काळ, कामधंदा गेलेली माणसं रस्त्यावर आलेली. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ती घरं पडली. पण निधी उरला, आणि तो पुढेही एका सेवाभावी संस्थेमार्फत गरजूंसाठी वापरात राहिला. बाई स्वतः १९८१ मध्ये गेल्या.

म्हणजे 'मी पोहते, तुम्ही गरिबांसाठी पैसे द्या' हा प्रकार काही आजच्या लिंका पाठवण्याच्या जमान्याचा नाही. आज तो फार मोठा झालाय एवढंच. २००६ मध्ये डेव्हिड वॉलियम्स हा ब्रिटिश विनोदी नट साडेदहा तासांत खाडी पोहला आणि दहा लाख पौंडांच्या वर पैसे जमले. पण मुळाशी आहे ती एक टायपिस्ट, जिच्यावर लोकांनी आधी विश्वास ठेवला नव्हता.

आता आपल्याकडे. १९५८ मध्ये मिहिर सेन खाडी पोहणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून कलकत्त्याची आरती साहा. रेल्वेत नोकरी करणारी मुलगी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला आपण ज्या चार मुली पाठवल्या त्यांत ती होती, वय जेमतेम अकरा-बारा. (त्याच चौघींत आपल्या मुंबईच्या दोघी होत्या: पोहणारी डॉली नझीर आणि धावणारी मेरी डिसूझा.) आरतीला खाडीपर्यंत जायलाच पैसे नव्हते. ते गोळा करावे लागले. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय आणि पंतप्रधान नेहरूंपर्यंत शब्द गेला तेव्हा जमलं.

आणि २७ ऑगस्ट १९५९ ला पहिल्या प्रयत्नात काय झालं? सोबतीची बोटच उशिरा आली. चाळीसेक मिनिटं गेली. आपल्याला वाटेल चाळीस मिनिटं म्हणजे काय, आपल्या मीटिंगा त्याहून उशिरा सुरू होतात. पण भरती-ओहोटी थांबत नाही. इंग्लंडचा किनारा काही मैलांवर आलेला असताना प्रवाह उलटा फिरला आणि तिला बाहेर यावं लागलं. लोकांनी वर्गणी काढून पाठवलेली अठरा वर्षांची मुलगी. काय वाटलं असेल तिला त्या बोटीवर! ती परत आली नाही, तिथेच थांबली. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत पार झाली. खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री. १९६० मध्ये पद्मश्री, आणि हा मान मिळालेली ती पहिली भारतीय महिला खेळाडू.

आपल्याकडे समुद्रात पोहण्याची परंपरा नाही असं मला वाटायचं. तेही चूकच. मुंबईत संकरॉक ते गेटवे या पाच किलोमीटरच्या शर्यतीत शाळकरी पोरं उतरत आलीयेत. धरमतर ते गेटवे हे ३६ किलोमीटरचं अंतर म्हणजे तर खाडीच्या आधीची आपली घरगुती परीक्षा. मालवणला चिवला बीचवर दर हिवाळ्यात जत्रा भरावी तसे पोहणारे जमतात. मुंबईची रूपाली रेपाळे १९९४ मध्ये खाडी पोहून आली तेव्हा ती शाळेत होती. २०२४ मध्ये नाशिकच्या तन्वी चव्हाण-देवरे खाडी पोहल्या, त्या जुळ्या मुलांच्या आई. १९२६ मधली ती दोन मुलांची आई कॉर्सन आठवते ना? मधे ९८ वर्षं गेली.

एक फरक मात्र जाणवला. तिकडे लोक पैसे जमवायला पोहतात, आपल्याकडे पोहायला पैसे जमवावे लागतात. पायलट बोट, निरीक्षक, प्रवास, राहणं, सगळं लाखांत जातं, आणि नोकरदार घरातल्या पोरीला त्यासाठी दारोदार जावं लागतं. पण नीट बघितलं तर देणाऱ्याच्या बाजूने दोन्हीकडे व्यवहार एकच आहे. तो पोचण्याची किंमत देत नाहीये. तो म्हणतोय, ही बाई जे करते म्हणाली ते करायला खरंच पाण्यात उतरेल आणि जे झालं ते खरं सांगेल, एवढा माझा हिच्यावर विश्वास आहे. लोगनबाईंना हजार पौंड परत करावे लागले ते पोचल्या नाहीत म्हणून नव्हे, खोटं सांगितलं म्हणून. ग्लाइट्झ दुसऱ्यांदा पोचली नाही, तरी तिचं कोणी काही काढून घेतलं नाही. आरती पहिल्यांदा पोचली नाही, तरी कोणी वर्गणी परत मागितली नाही.

रविवारी रात्री हे सगळं मी ताईला फोनवर ऐकवलं. (मधे दोनदा "तू ऐकतेयस ना?" विचारावं लागलं, मी लांबण लावतो असं घरी सगळ्यांचं मत आहे.) म्हटलं, पैसे परत वगैरे काही करू नकोस. त्या पानावर लिही की मी पन्नासाव्या मिनिटाला बाहेर आले.

"असं कोण लिहितं?" ती म्हणाली.

"लॉग आहे तो. लिही."

तिने लिहिलं. तारीख, तापमान तेरा, पन्नास मिनिटं, कारण थंडी. पुढचा प्रयत्न येत्या रविवारी, डोव्हरच्या बंदरात, तोवर रोज सकाळी ऑफिसच्या आधी थंड पाण्यात थोडा थोडा वेळ. अंगाला सवय अशीच लागते, दुसरा काही शॉर्टकट नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत एकानेही पैसे परत मागितले नव्हते. टीममधल्या एका नर्सबाईंनी तर खाली लिहिलं की गेल्या वर्षी मी पस्तीस मिनिटांत बाहेर आले होते, कोणाला बोलले नव्हते.

मीही भरले. आकडा सांगत नाही, कारण मावशीने माझ्या दुप्पट भरलेत. सोबत तिने ताईला एक निरोपही पाठवला आहे: बोटीवर आल्याबरोबर ओले कपडे आधी बदल, आणि थर्मासमध्ये आलं घातलेला चहा ने, सहा जणींना पुरेल एवढा.